घेतलंस तर सांग, बदललंस तर पाठव

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने माझा सत्कार केला. कारण काय, तर मी म्हणे "त्या काळात" कॉम्प्युटरमध्ये नोकरी करत होते. माझ्या वयाच्या बायकांचा सत्कार बहुधा टिकून राहिल्याबद्दलच असतो, पण अंगावर येणाऱ्या शालीला नाही म्हणण्याइतकी मी विरक्त नाही. शाल झाली, नारळ झाला, आणि मग एका चुणचुणीत मुलीने माइक पुढे करून विचारलं, "आजी, तुमचे गुरू कोण?" आणि मी, साठीला आलेली बाई, चारचौघींत धडधडीत खोटं बोलले. पुण्याच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापकांचं नाव घेतलं. गृहस्थ भले होते, पण त्यांनी मला काय शिकवलं ते मला आठवत नाही. त्यांना तर मीही आठवत नसेन.

घरी येऊन शालीची घडी घालताना कुसुमताई डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या. कमरेवर हात, चष्मा दोरीने गळ्यात लोंबतोय. "काय गो बाय, नाव घ्याला लाज वाटली काय?"

लाज नव्हती वाटली. सवय होती. मी पुण्याची डिग्रीवाली, आणि त्या जुनी अकरावी पास. उलव्याच्या बाजूच्या गावातल्या, मिठागरावर राबलेल्या घरातल्या. आपण शिकलो कोणाकडून हे सांगायची वेळ आली की तोंडातून डिग्रीवाल्याचंच नाव निघायचं, हा माझा जुना रोग. तो कुसुमताईंनी बराच बरा केला होता. समूळ गेला नव्हता, असं दिसतं.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं असतील. लग्न होऊन मी पनवेलला आले, नवरा पाताळगंगेच्या एका कारखान्यात, आणि मला नोकरी मिळाली लाइन आळीच्या टोकाला, एका पिठाच्या गिरणीच्या वर. बारा माणसांची सॉफ्टवेअर कंपनी. खाली पट्टा फिरायला लागला की वर टेबलं थरथरत. कीबोर्ड उलटा करून झटकला की पीठ पडायचं, आणि श्रावणाच्या आधी तर फ्लॉप्यांनाही भाजणीचा वास यायचा.

पहिल्याच दिवशी आमच्या साहेबांनी, म्हणजे प्रभुण्यांनी, सांगितलं, "तुमचा प्रोग्राम झाला की कुसुमताईंकडे द्यायचा. त्यांनी हो म्हटलं तरच तो झाला." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, बघू.

कुसुमताई म्हात्रे तेव्हा अठ्ठेचाळीसच्या होत्या. उंच, काटक, लग्न न केलेल्या. साडी घोट्याच्या चांगली वर नेसलेली, जणू कुठल्याही क्षणी पाण्यातून चालायचं आहे. विशीत मुंबईत पंच ऑपरेटर म्हणून लागल्या, कार्डांना भोकं पाडायच्या. ती यंत्रं भंगारात गेली तेव्हा बरोबरच्या बायका घरी बसल्या. या बसल्या नाहीत. "भोकं पाडताना कार्डावर काय लिवलंय ते मी वाचत होते. बाकीच्या नुसत्या पाडीत होत्या," एवढंच स्पष्टीकरण.

त्यांच्या टेबलाशेजारी एक मशिन, म्हणजे कॉम्प्युटर, होतं, त्याचं नाव "कोरी". दर शनिवारी कुसुमताई ती कोरी आतून पार पुसून काढायच्या आणि वर फक्त अगदी लागतंच तेवढं चढवायच्या. माझा पहिला प्रोग्राम मी मोठ्या दिमाखात त्यांच्याकडे नेला. माझ्या मशिनवर तो पाण्यासारखा चालत होता. कुसुमताईंनी तो कोरीवर चढवला, कळ दाबली, आणि पडद्यावर चुकांची ही मोठी रांग.

"तुमच्या मशिनमध्ये काहीतरी गडबड आहे," मी म्हणाले. खरंच म्हणाले. आज आठवलं तरी उशीत तोंड खुपसावंसं वाटतं.

कुसुमताईंनी चष्मा लावला आणि पहिली चूक मोठ्याने वाचली. मी माझ्या स्वतःच्या "नीला" नावाच्या फोल्डरचा पत्ता प्रोग्रामात जसाच्या तसा लिहून ठेवला होता.

"हा प्रोग्राम नीलाच्या घरी जाऊन सामान मागतोय," त्या म्हणाल्या. "या मशिनमध्ये नीला रायते काय?"

"नाही."

"सोलापूरच्या मशिनमध्ये रायते?"

"नाही."

"मंग जगातल्या सगळ्या मशिनींत तू भाड्याने खोली घेणार हायेस काय?"

सगळं ऑफिस हसलं. खालची गिरणीसुद्धा नेमकी तेव्हाच बंद होती.

आता त्यांचं खरं काम सांगते. प्रोग्राम लिहिणं वेगळं आणि तो बिल्ड होणं, म्हणजे त्या लिहिलेल्यातून मशिनवर चालणारी वस्तू उभी राहणं वेगळं. पन्नास फाइली कोणत्या क्रमाने घ्यायच्या, या मशिनवर काय काय आहे, काय नाही, नसेल तर कशावर भागवायचं, हे सगळं मशिनला सांगणारी वेगळी फाइल लागते. तिला मेकफाइल म्हणायचे. प्रत्येक प्रोग्रामवाला आपली आपली लिहायचा आणि प्रत्येक जण त्याच त्याच चुका नव्याने करायचा. कुसुमताईंनी, या कंपनीत यायच्याही आधीपासून, या सगळ्यांत सारखा येणारा भाग वेगळा काढायला घेतला होता. मशिन कोणतं ते ओळखणारी एक फाइल, छपाईचं सामान, म्हणजे प्रिंटर चालवायला लागणाऱ्या फाइली, कुठे आहे ते शोधणारी दुसरी, अशा पंधरा-सोळा छोट्या फाइली. कोणीही घ्याव्यात, आपल्या प्रोग्रामाला जोडाव्यात आणि पुढे जावं.

आणि घेणारे होते! आतला सगळा मजकूर उघडा ठेवून प्रोग्राम फुकट वाटणारी माणसं तेव्हाही होती. आज त्याला ओपन सोर्स म्हणतात. तेव्हा मी घरी "उघडं सॉफ्टवेअर" म्हणायचे आणि आमच्या सासूबाई देवाकडे बघायच्या. सोलापूरच्या एका कॉलेजातले ग्रंथपाल हिरेमठ यांनी पुस्तकांच्या याद्यांचा प्रोग्राम केला होता. कोट्टायमच्या एका डॉक्टरांचा केसपेपरांचा होता. गुवाहाटीचे एक निवृत्त मास्तर पावसाच्या नोंदी ठेवायचे. परदेशातलेही चार-सहा. सगळे कुसुमताईंच्या फाइली वापरायचे. इंटरनेट नुकतं कुठे आलं होतं, फोनची लाइन लागली तर लागली. म्हणून फाइली फ्लॉपीवर भरून पोस्टाने जायच्या. फ्लॉपी वाकू नये म्हणून कुसुमताई ती जुन्या लग्नपत्रिकांच्या दोन पुठ्ठ्यांत घालून शिवायच्या. अख्ख्या गावाच्या पत्रिका त्यांच्याकडे जमायच्या. एकदा कोट्टायमच्या डॉक्टरांचं पत्र आलं: फाइली पोचल्या, उत्तम चालतात, लग्नाला येऊ शकलो नाही त्याबद्दल क्षमस्व, वधूवरांना आशीर्वाद. कुसुमताईंनी ते पत्र खरंच गावातल्या त्या नवरानवरीला नेऊन दिलं.

प्रत्येक फाइलच्या डोक्यावर, रोमन अक्षरांत पण मराठीत, एकच ओळ असायची: घेतलंस तर सांग, बदललंस तर पाठव. तिच्याखाली ज्यांनी ज्यांनी त्या फाइलीत दुरुस्ती पाठवली त्यांची नावं आणि गावं. परदेशातले लोक त्या मराठी ओळीचा अर्थ विचारायचे. कुसुमताई सांगायच्या, पण ओळ बदलायच्या नाहीत. प्रभुणे साहेब एकदा म्हणाले, "ताई, इंग्रजीत लिहा ना, बाहेर चांगलं दिसेल."

"सायेब, त्यांच्या फाइलींत त्यांचं लिवलेलं आमी वाचतो ना? मंग आमचं त्यांनी वाचायचं."

त्या "आमी" वरून मी एकदा त्यांना सुधारायला गेले होते. क्लायंट येणार होता. मी हळूच म्हणाले, "ताई, आज जरा आम्ही-तुम्ही म्हणा हं." त्यांनी माझ्याकडे अगदी प्रेमाने बघितलं आणि क्लायंटसमोर तासभर असं बोलल्या की "आमी" आणि "तुमी" याशिवाय वाक्यच नाही. क्लायंट उरणचा निघाला. जाताना तो कुसुमताईंना आपल्या घरची भाजी द्यायला पुन्हा येतो म्हणाला. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

महिन्यातून दोनदा त्या दुपारी चारलाच ऑफिसातून उठायच्या. "उधाण हाय." भरतीचं वेळापत्रक त्यांच्या डोक्यात होतं. गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापासून राखणारा मातीचा लांबलचक बांध होता. उधाणाच्या भरतीला त्याला खांड पडली, म्हणजे बांध फुटून वाट झाली, की घरटी एक माणूस जायचं. चिखलाची ढेकळं हातोहात पुढे द्यायची. कुसुमताईंच्या घरातून कुसुमताई जायच्या. भाऊ धडधाकट होता, पण "तो बोलतो जास्त, माती कमी टाकतो."

आता माझी चोरी सांगायची वेळ आली. चोरी म्हणावं की आणखी काही, ते तुम्हीच ठरवा.

छपाईचं सामान शोधणारी जी फाइल होती, तिच्यात एक खोट होती. नव्या मशिनांत ते सामान वेगळ्या जागी असायचं. फाइलीने "सापडलं नाही" म्हणायला हवं होतं. पण ती "सापडलं" म्हणायची आणि पुढे जायची. बिल्ड छान व्हायचा, आणि चार दिवसांनी छापायला घेतलं की प्रोग्राम आडवा. मला ती खोट सापडली. दोन ओळींत दुरुस्तही केली. कुठे? कुसुमताईंची फाइल मी माझ्या फोल्डरात उतरवून घेतली होती, तिथे. माझं काम झालं. सांगितलं का नाही? खरं सांगू? कुसुमताईंना न सापडलेली चूक मला सापडली, या आनंदात मला ती एकटीची हवी होती. मुरब्ब्याची बरणी कपाटात लपवावी तशी ती दुरुस्ती मी लपवली.

पाचेक महिन्यांनी सोलापूरहून हिरेमठांचं पत्र आलं. कॉलेजने नवी मशिनं घेतली होती, जुनी काढून टाकली होती, आणि याद्या छापता येत नव्हत्या. तीन आठवडे हा माणूस एकटा शोधत बसला होता. प्राचार्य म्हणत होते, फुकटच्या प्रोग्रामाचं हेच होणार, बंद करा. कुसुमताईंनी दिवसभर शोधलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सहज म्हणून आमच्या सगळ्यांचे प्रोग्राम नव्या मशिनवर लावून पाहिले, आणि एकट्या माझ्याच प्रोग्रामात छपाई चालली.

त्या माझ्या टेबलापाशी आल्या. माझ्या फोल्डरातली ती फाइल उघडली. दोन ओळी वाचल्या. मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावला तो काही खाली ठेवेना.

"कवा केलंस?"

"झाले... चार-पाच महिने."

"बरोबर केलंस," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा बरोबर केलंस."

मग खुर्ची ओढून बसल्या. आवाज जराही चढवला नाही. "आमच्या गावात येक गणू पाटील होता. उधाणाला बांधाला खांड पडली, त्याने बघितली. आपल्या शेताच्या पुढं माती टाकली, चांगली छातीइतकी, आणि घरी जाऊन जेवला. कोणाला बोलला नाय. पाणी बाजूच्या शेतातून आत आलं आणि मागून फिरून त्याच्याच शेतात गेलं. खारं पाणी. तीन वरसं भात नाय कोणाच्याच शेतात." त्या उठल्या. "तुना खांड दिसली, बाय. तू तुझ्यापुरती माती टाकलीस."

तेवढंच. त्या दुपारी सोलापूरला एसटीडी फोन लावून हिरेमठांना दोन ओळी अक्षर अक्षर सांगायला मला बसवलं. गिरणी चालू होती, मी ओरडून ओरडून कंस आणि स्वल्पविराम सांगत होते. पलीकडे हिरेमठ प्रत्येक ओळीनंतर म्हणायचे, "देवासारख्या भेटलात." मला वाटत होतं, फोनच्या तारेतून खाली उतरून खालच्या जात्यात जावं.

वर्षभराने ते प्रकरण आलं, ज्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे.

मुंबईची एक मोठी पार्टी आमच्याकडे आली. त्यांना कुसुमताईंच्या फाइली हव्या होत्या, पण फक्त त्यांनाच. बाहेर कोणाला द्यायच्या नाहीत, वरची नावं काढायची, कंपनीचं नाव घालायचं, आणि हे सगळं कंपनीतच बनलं असं कुसुमताईंनी लिहून द्यायचं. सोमवारी प्रभुण्यांनी त्यांना बोलावलं. मधलं पार्टिशन प्लायवुडचं होतं, त्यामुळे बोलावलं आम्हा सगळ्यांनाच म्हणायला हरकत नाही.

प्रभुणे वाईट माणूस नव्हता, हे लिहायलाच हवं. अडतिशीचा, कायम अर्धा चहा गार करणारा. "ताई, बारा घरं आहेत या गिरणीच्या वर. काम कमी झालंय, तुम्हाला माहितीये. हे आलं तर पाच वर्षं बघायला नको. तुम्हाला मॅनेजर करतो. केबिन देतो."

"केबिनला खिडकी हाय काय?"

"ताई, चेष्टा नको."

"चेष्टा नाय. पार्टीला द्या ना फाइली! फुकट द्या. सगळे घेतात, त्यांनी पण घ्या. वर तुमी त्यांना काम करून द्या, त्याचं घ्या काय घ्याचं ते. मी शिकवते त्यांच्या माणसांना. पण दुसऱ्याला नाय मिळणार, असं नाय चालायचं."

"त्यांना तेच हवंय."

"मंग नाय."

"तुम्ही ऑफिसच्या मशिनवर केल्यात त्या."

"थोड्या केल्या. निम्म्या मी येताना फ्लॉपीवर घेऊन आले, तुमीच बोललात वापरा. आणि नव्यातल्या दुरुस्त्या बाहेरच्या एकवीस जणांच्या. त्यांनी पाठवल्या, का, तर आमी सगळ्यांना देतो म्हणून. वर लिवलंय. ती माती माझी येकटीची नाय, सायेब. मी सही केली तर सोलापूरच्या हिरेमठांनी उद्या नवी मशिन आणली की कोणाकडे जायचं?"

"शनिवारपर्यंत सही नाही झाली," प्रभुणे अगदी बारीक आवाजात म्हणाले, "तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

कुसुमताई बाहेर आल्या, कोरीसमोर बसल्या आणि कामाला लागल्या. त्या कुठे जाणार होत्या? अठ्ठेचाळीस उलटलेली, जुनी अकरावी पास बाई. जाहिरातींत सगळीकडे डिग्री मागत होते. घरी म्हातारी आई, आणि बोलणारा भाऊ. मी विचारलं, "ताई, सही केलीत तर कोणाला कळणारे?"

"कोरीला कळंल," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

गुरुवारी प्रभुण्यांनी मला आत बोलावलं. नावं काढायचं काम माझ्याकडे. "तुम्ही हुशार आहात, एखादी स्क्रिप्ट लिहा, सगळ्या फाइलींमधून एकदम निघतील. कुसुमताई नसल्या तर पुढे तुम्हालाच बघायचंय."

तुम्हाला वाटेल, मी बाणेदारपणे नकार दिला. मी? मी चक्क ती स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्राम, लिहिली. आणि चांगली लिहिली! नावं शोधायची, यादी दाखवायची, "काढू का" म्हणून विचारायची, हो म्हटलं की पुसून टाकायची. लिहिताना मला नव्या केबिनच्या पडद्यांचा रंगसुद्धा सुचला होता. मोरपंखी.

शुक्रवारी सकाळी चालवली. पडद्यावर यादी यायला लागली. हिरेमठ, सोलापूर. कोट्टायमचे डॉक्टर. गुवाहाटीचे मास्तर. एक फिनलंडचा मुलगा, ज्याचं नाव मला कधी नीट म्हणता आलं नाही. आणि छपाईच्या फाइलीत, हिरेमठांच्या खाली:

नीला, पनवेल. खोटं "सापडलं" बंद केलं.

पुढे तारीख होती. मी लपवली त्या महिन्याची. कुसुमताईंनी माझा दीड वर्षापूर्वीचा करंटेपणा असा नोंदवला होता, जणू मी त्याच दिवशी हात वर करून सांगितलं होतं. मला कधी बोलल्याही नव्हत्या. सोलापूरला, कोट्टायमला, फिनलंडला, जिथे जिथे ती फाइल गेली तिथे माझं नाव आणि गाव गेलं होतं, आणि मलाच पत्ता नव्हता.

खाली स्क्रिप्ट विचारत होती, काढू का?

कुसुमताई मागून गेल्या, पडदा त्यांना दिसला असणार. म्हणाल्या, "सोताचं आधी काढ. मंग बाकीच्यांचं."

मी स्क्रिप्ट बंद केली आणि आत गेले. प्रभुण्यांच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, आत रंगीत फूल. मी त्या फुलाला सांगितलं, "सर, यादीत माझं पण नाव आहे. माझी परवानगी नाहीये." प्रभुण्यांनी मला बसवून पाणी दिलं.

शनिवारी दुपारी बाराला कुसुमताई उठल्या. टेबलावर लग्नपत्रिकांत शिवलेली एकवीस पाकिटं. फाइली पूर्ण, अजून बाहेर न गेलेल्या नव्याही, नावं पूर्ण. लपवून करायचं असतं तर त्या घरून पाठवू शकल्या असत्या. पण नाही. पाकिटं दोन्ही हातांत घेऊन त्या प्रभुण्यांच्या दारात उभ्या राहिल्या.

"सायेब, पोस्टात चाललेय. सगळ्यांचं सगळ्यांना पाठवायला. तुमची पण प्रत ठेवलीय कोरीवर. ती पण नावांसकट हाय."

"ताई, गेलात तर परत येऊ नका."

"ते सोमवारी ऐकलं मी."

दाराशी बाहेर जाण्याचं रजिस्टर असायचं. नाव, कारण, जाण्याची वेळ, येण्याची वेळ. कुसुमताईंनी पाकिटं मला धरायला दिली आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं. कारणाच्या रकान्यात "सगळ्यांचं सगळ्यांना". येण्याच्या वेळेच्या रकान्यात एक आडवी रेघ. मग पेन माझ्याकडे केलं. पाकिटं माझ्या हातात होती, सगळं ऑफिस बघत होतं. मी त्यांच्याखाली माझं नाव लिहिलं. कारण, "वरीलप्रमाणे". आणि येण्याची वेळ?

"जेवणाच्या सुट्टीनंतर."

असं आमचं बंड. त्यांचं कायमचं, माझं पाऊण तासाचं.

पोस्टात रांग होती. कुसुमताई एकेक पाकीट खिडकीतून आत देत होत्या आणि गावाचं नाव मोठ्याने म्हणत होत्या. मी तिकिटांना जीभ लावत होते, डिंकाने तोंड कडू झालं होतं. शेवटचं पाकीट गेलं तशा त्या म्हणाल्या, "आता कोणी सही मागितली तरी उपेग नाय. बाहेर गेलं." मग स्टँडकडे वळल्या. मागे न बघता हात वर करून म्हणाल्या, "जा, तुझी सुट्टी संपली."

मी परत गेले. माझी नोकरी टिकली. मुंबईच्या पार्टीला, जे एकवीस जणांकडे आहे ते आपल्या एकट्याचं कसं व्हावं, हे कळेना. त्यांनी नाद सोडला. कंपनी बुडाली नाही. दोनजण कमी झाले, बाकीची घरं कशीबशी चालली. मोरपंखी पडदे लागले नाहीत. मी आणखी चार वर्षं त्या पिठात काढली. कोरी माझ्याकडे आली. दर शनिवारी मी ती पुसायचे, आणि नव्या मुलामुलींना विचारायचे, "या मशिनमध्ये तू राहतोस का रे?" जणू ते माझंच वाक्य होतं. तेवढी चोरी कुसुमताई माफ करतील.

त्यांनी गावातच भावाच्या पडवीत एक जुनं मशिन मांडलं होतं. फाइली चालू होत्या, पाकिटं चालू होती. पंचक्रोशीतल्या दोन शाळांना आणि एका सहकारी सोसायटीला त्या काही करून द्यायच्या, त्यावर भागवायच्या. कसं भागतं, असं मी पत्रात विचारलं होतं. उत्तरात फक्त नव्या फाइली आल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते दशक सरता सरता. मला पुन्हा एक खोट सापडली होती, मशिन ओळखणाऱ्या फाइलीत. या वेळी मी ती दुरुस्ती त्याच दिवशी फ्लॉपीवर घेतली. पोस्टात टाकता आली असती. पण मला ती हातात द्यायची होती, आणि थोडी शाबासकी हवी होती. एक रविवार बघून, नव्या कोल्हापुरी चपला घालून, एसटीने गेले.

घरी म्हातारी आई दारात बसली होती. "बांधावर," एवढंच म्हणाली.

उधाण होतं. पाणी चढत होतं आणि बांधाला खांड पडली होती, दोन हात रुंद. चाळीसेक माणसांची रांग, खालून वर, ढेकळं हातोहात चाललेली. कुसुमताई मध्यावर, गुडघ्यापर्यंत चिखलात, साडी खोचलेली, चष्मा पाठीवर टाकलेला. मी बांधाच्या कडेने सावरत सावरत त्यांच्यापर्यंत पोचले.

"ताई, दुरुस्ती आणलीय," मी ओरडले आणि पर्समधून फ्लॉपी काढली.

त्यांच्या दोन्ही हातांत ढेकूळ होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फ्लॉपीकडे पाहिलं, आणि मान पुढे करून फ्लॉपी सरळ दातांत धरली. तसंच वळून ढेकूळ पुढच्याच्या हातात दिलं. त्यांना उलट बोलता येत नाही असं मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. पण डोळे हसत होते. मग त्यांनी पलीकडच्या माणसाला कोपराने जरा सरकवलं. रांगेत एका माणसाची जागा झाली.

मी चपला बघितल्या. कुसुमताईंनीही बघितल्या.

मी उतरले. पहिलं ढेकूळ हातात आलं ते माझ्या अंदाजापेक्षा बरंच जड होतं, आणि खाली पडायच्या आत त्यांनी ते काढून घेतलं, दातांत माझी फ्लॉपी तशीच धरून, आणि पुढच्या ढेकळासाठी हात पसरला.